चेंडू उजवीकडेच काहून जाते? वी स्पोर्ट्स रिसॉर्टचं गोल्फ, दोन उन्हाळ्यांनंतर

माझं दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मोटर वायंडिंगचं दुकान आहे. रब्बीत व्होल्टेज पडलं की जळालेल्या मोटरींची रांग लागते. मे महिन्यात विहिरी आटतात, मोटरी पडून राहतात आणि मीही. अशाच एका मे महिन्यात साळ्यानं अमेरिकेहून येताना त्याचा जुना निन्टेन्डो वी, म्हणजे टीव्हीला जोडून हातातला रिमोट फिरवत खेळायचा गेमचा डबा (कन्सोल), आणून दिला, सोबत ‘वी स्पोर्ट्स रिसॉर्ट’ची डिस्क. गेम २००९ चा. आता हे कोण घेतं, असं म्हणाल. पण जुन्या बाजारात अजून मिळतो, आणि त्यातलं गोल्फ आमच्या घरात दोन उन्हाळे टिकलं. पोरीच्या मोबाईलवरचा एकही गेम आठ दिवसांवर टिकलेला मी पाहिला नाही.

आधी लाईटचं बोलतो, कारण तो माझा धंदा. अमेरिकन अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० च्या पॉइंटात खुपसला की खेळ तिथंच संपला. आउटपुट १२ व्होल्ट, ३.७ अँपिअर, म्हणजे पंचेचाळीस वॉटच्या आतलं काम. मी दुकानातच शंभर व्हीएचा स्टेप-डाउन, म्हणजे २३० चं १२० करणारा ट्रान्सफॉर्मर, गुंडाळून घेतला. तुम्हाला ते जमणार नसेल तर युरोपातला २३० व्होल्टचा अडॅप्टर शोधा, तोही चालतो.

आता रिमोट. २००६ साली वी आला तेव्हा रिमोटमध्ये हाताची हालचाल मोजायला फक्त अ‍ॅक्सेलरोमीटर होता. हाताला झटका किती बसला ते त्याला कळायचं, मनगट कुठं वळलं ते नीट कळत नव्हतं. म्हणून पहिल्या ‘वी स्पोर्ट्स’मध्ये खाटेवर बसून नुसतं मनगट उडवलं तरी चेंडू जायचा. २००९ ला मोशनप्लस नावाचा तुकडा आला, रिमोटच्या बुडाला जोडायचा. त्यात जायरो, म्हणजे तिन्ही बाजूंचं वळणं मोजणारा. पुढं तो रिमोटच्या आतच बसवून मिळू लागला. रिसॉर्ट त्याच्याशिवाय चालतच नाही. हे सांगण्याचं कारण, मी दुसरा रिमोट एका ऑनलाईन विक्रेत्याकडून मागवला. वरून हुबेहूब. गेम म्हणे मोशनप्लस जोडा. उघडून पाहिला तर बोर्डावर जायरोची जागा मोकळी! पैसे परत मिळाले, पण वीस दिवस आणि चौदा फोन गेले. घेताना ज्यावर ‘मोशनप्लस इनसाइड’ असं लिहिलेलं असतं तोच घ्या, आणि समोर चालवून घ्या.

खरा गोंधळ यानंतर सुरू झाला. घरात जो मारेल त्याचा चेंडू उजवीकडं. पोरीचा, माझा, आबाजींचा. आबाजी चिडले, “मी तं सरळच मारलं ना बाप्पा, हे उजवीकडेच काहून जाते?” मला वाटलं साळ्यानं खराब माल गळ्यात मारला.

खेळ सुरू करताना स्क्रीन सांगते, रिमोट पालथा करून सपाट जागी ठेवा. आम्ही ठेवत होतो टेबलावर, आणि टेबलाला चिकटून कूलर. कूलरचा पंखा एका पात्यानं जड झालाय, त्यामुळं टेबल सतत थरथरतं; त्यावरच्या पेल्यातल्या पाण्यावर लाटा दिसतात. जायरो त्या काही सेकंदांत आपलं शून्य ठरवतो. ज्यांनी काट्याचा मल्टीमीटर वापरलाय त्यांना लगेच कळेल: ओहम मोजण्याआधी दोन्ही तारा एकमेकींना लावून काटा शून्यावर आणतो ना, तेच. तिथंच काटा हलला तर पुढचं प्रत्येक रीडिंग चुकीचं. रिमोट शहाबादी फरशीवर ठेवला, आणि चेंडू सरळ. साळ्याला मनातल्या मनात माफ केलं.

दुसरं आमच्या भागाचं खास दुखणं, ऊन. जायरोच्या आत अतिशय बारीक कंपणारे भाग असतात आणि गरमीनं त्यांचं शून्य सरकतं. खिडकीत तापलेला रिमोट उचलून कूलरच्या खोलीत लगेच शून्य केला, तर अर्ध्या तासात तो थंड होतो आणि चेंडू पुन्हा वाकडा जायला लागतो. आधी रिमोट दहा-पंधरा मिनिटं खोलीत पडू द्या, मग शून्य करा. खेळताना बिघडलं तर आम्ही सरळ बाहेर पडून गेम नव्यानं सुरू करतो.

मारण्याची पद्धत. आबाजींनी आयुष्यभर लाकडं फोडली, त्यांचा हात कुऱ्हाडीचा. वरून आला की टीव्हीवरची ताकदीची पट्टी भरून वाहते आणि चेंडू भलतीकडं वळतो. जास्त जोर म्हणजे जास्त लांब, हे इथं चालत नाही. एकदा तर दोरी मनगटात न घालता त्यांनी हाणला, रिमोट सुटला आणि ट्यूबलाईट खाली. दोरी घालाच. सगळ्यांत चांगला हात निघाला आमच्या बायकोचा. रोज पहाटे अंगण झाडते ती, खराटा खाली, खांदा ढिला, एकाच लयीत. तिनं ड्रायव्हरनं, म्हणजे लांब मारायच्या काठीनं, पहिलाच फटका असा सरळ मारला की पोरगी ओरडली, “आबाजी, कुऱ्हाड नोका मारू, आईसारखा खराटा मारा!” तेच खरं तंत्र: रिमोटचं तोंड जमिनीकडं, मागं हळू न्यायचा, पुढं आणताना मनगट पिळायचं नाही. पिळलं की जायरो पकडतो. ए बटण न दाबता फिरवलं की ती नुसती तालीम असते, पट्टी कुठवर जाते ते दिसतं. दोन-तीन तालमी केल्याशिवाय ए दाबू नका.

पटिंग, म्हणजे भोकाजवळ आल्यावर चेंडू हलकेच ढकलणं, मला अजून आवडलेलं नाही. इतका हलका हात लागतो की काड्याची पेटी सरकवल्यासारखं वाटतं. पोरीला तेच आवडतं.

एकूण एकवीस होल, म्हणजे चेंडू भोकात घालायचे टप्पे, आहेत. त्यातले नऊ पहिल्या वी स्पोर्ट्समधले, आणि तेही निन्टेन्डोच्या १९८४ च्या गोल्फ गेमवरून घेतलेले. खरं मैदान मी पाहिलेलं नाही, त्यामुळं हे शिकून तिथं काय उजेड पडेल यावर बोलत नाही. टीव्हीजवळची सेन्सर बार बिघडली तर घाबरू नका, तिच्यात फक्त इन्फ्रारेड दिवे असतात, ते पाहून रिमोटला आपण टीव्हीवर कुठं रोखलोय ते कळतं. आमची तार उंदरानं कुरतडली तेव्हा दोन पणत्यांवर मेनू चालवला. पणत्या कापडी पडद्यापासून लांब ठेवा एवढंच.

कन्सोल, डिस्क आणि खरा रिमोट मिळून पाच हजारांच्या आत जमलं तर मी घ्या म्हणेन. त्यावर नाही. आमच्याकडं आता रिमोट फरशीवर ठेवायचं काम आबाजींनी घेतलंय. कूलर बंद करतात, दारात उभे राहतात आणि येणाऱ्याला हातानं अडवतात, “हालू नोका, शून्य होऊन राह्यलं.”