ओरान हायस्कूल होस्ट क्लब: १८ खंड, दोन वाचनं आणि फुग्याबाहेरची बारीक अक्षरं

फोनवर वाचून ही जपानी मांगा (चित्रकथा) मालिका "बरी आहे, पण गोंधळ फार" वाटली असेल, तर एकदा छापील प्रत हातात घेऊन बघा. गोष्ट श्रीमंतांच्या शाळेतल्या एका क्लबची: तिथली देखणी मुलं गिऱ्हाईक मुलींना गप्पांनी रिझवतात आणि शिष्यवृत्तीवर आलेली हारुही मुलगा समजली जाऊन त्यांच्यात अडकते. लेखिका बिस्को हातोरी यांचा निम्मा विनोद संवादांच्या फुग्यांत नसतोच. तो चौकटीच्या कोपऱ्यात, कुणाच्या तरी कानामागे, हाताने खरडल्यासारख्या बारीक अक्षरांत असतो. क्लबचा प्रमुख तामाकी गुलाब हातात धरून समोर उभा राहतो आणि मागून हिकारू-काओरू हे जुळे भाऊ त्याची हवा काढतात ते याच अक्षरांत. सहा इंची पडद्यावर ती मुंगीएवढी दिसतात. वाचक ती सोडून पुढे जातो आणि मग हसू कशावर यायचं तेच कळत नाही.

इंग्रजी आवृत्तीत हा त्रास वाढतो, त्याला कारण आहे. जपानी मजकूर उभा लिहितात, म्हणून फुगेही उंच आणि अरुंद असतात. त्यांत आडवी इंग्रजी कोंबायची म्हणजे अक्षर लहान होतं किंवा शब्द मधेच तुटतो. त्यात बऱ्याच फुग्यांना शेपूट नसते. एका चौकटीत सहा-सात जण एकदम बोलत असतात आणि हिकारू-काओरू तर एकच वाक्य अर्धंअर्धं वाटून घेतात. जपानीत प्रत्येक जण स्वतःला काय म्हणवतो आणि वाक्य कसं संपवतो यावरून बोलणारा ओळखू येतो. इंग्रजीत सगळ्यांचाच 'आय'. मराठी वाचकाला ही उणीव जास्तच जाणवते. मुलगा समजली जाणारी हारुही मराठीत पहिल्याच वाक्यात अडली असती: 'मी जातो' की 'मी जाते'? तिचा बेफिकीर स्वभाव तेवढ्या एका क्रियापदात आला असता.

उपाय साधे आहेत. टॅबलेट दहा इंची असावा, आडवा धरावा आणि दोन पानं शेजारी-शेजारी ठेवावीत. एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय बंद करा. शोजो (मुलींसाठीच्या) मांगात पात्रं चौकटी ओलांडून उभी असतात, त्या सोयीत त्यांची डोकी आणि शेरे कापले जातात. पान उजवीकडून वाचायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण एका चौकटीतले फुगेही उजवीकडूनच वाचायचे असतात. तिथे चूक झाली की उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतो. कडेच्या उभ्या पट्ट्यांतल्या लेखिकेच्या गप्पा प्रकरण संपल्यावर वाचा, नाहीतर लय तुटते. तरी सोडू मात्र नका.

आता वाचण्यालायक आहे का, ते. पहिल्या चार खंडांनंतर मत असं होतं: हारुहीच्या हातून ८० लाख येनची फुलदाणी फुटणं, कर्ज फेडायला शंभर गिऱ्हाइकं मिळवण्याची अट, श्रीमंत पोरांनी इन्स्टंट कॉफी जगावेगळी चीज असल्यासारखी निरखणं, हे सगळं झकास आहे, पण साचा ठरलेला. पाहुणा येतो, गोंधळ होतो, तामाकी कोपऱ्यात जाऊन रुसतो. चार खंड पुरे, पुढचे पैसे वाचवा.

अठरा खंड संपवून पुन्हा पहिल्यापासून वाचल्यावर हे मत टिकलं नाही. मधले काही खंड रेंगाळतात, हे खरंच. पण तामाकी स्वतःला 'बाबा' आणि क्लबचा हिशेब सांभाळणाऱ्या क्योयाला 'आई' म्हणतो, तो सुरुवातीला नुसता वेडेपणा वाटणारा विनोद उत्तरार्धाचा पाया निघतो. आजीच्या अटीमुळे आईला फ्रान्समध्ये सोडून आलेल्या पोराने क्लबलाच घर मानलंय. प्रेमाचं नाव घेतलं की ते घर मोडेल, ही त्याची भीती. हे कळल्यावर पहिल्या खंडातला तोच विनोद पोटात कालवाकालव करतो. हिकारूचं वेड्यासारखं भांडणंही तसंच. गंमत कमी न करता इतकं गंभीर काही आत दडवणं सोपं नाही, हातोरींना ते जमलंय.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. जुळ्यांचा गिऱ्हाइकांना रिझवण्यासाठी केलेला 'भाऊप्रेमा'चा देखावा आज अवघड वाटतो. हारुहीचे वडील रांका बाईच्या वेशात बारमध्ये काम करतात. बाप म्हणून ते जीव लावणारे आहेत, पण त्यांच्यावरचे काही विनोद त्या काळातच राहायला हवे होते. घरातल्या लहान मुलीच्या हाती देण्याआधी पहिले दोन खंड स्वतः चाळा.

यावरचं अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) पाहिलं असेल तरी मांगा वाया जात नाही. २००६ च्या त्या २६ भागांचा शेवट स्वतंत्र आहे, कारण २००२ मध्ये 'लाला' मासिकात सुरू झालेली मूळ कथा २०१० पर्यंत चालली. हारुहीला स्वतःचं मन उमगतं, गोष्ट बोस्टनपर्यंत पोहोचते, ते फक्त इथे.

हात आखडता असेल तर पूर्वार्ध कुणाकडून तरी मागून वाचा आणि पैसे उत्तरार्धावर घाला. सुटे खंड घेताना पहिला सहज मिळाला म्हणून लगेच घेऊ नका; मधले सगळे मिळतायत का ते आधी बघा, जुन्या मालिकांत नेमके तेच अडतात. कागद हलका आहे आणि लवकर पिवळा पडतो. पेटीसंच घेतलात तर पावसाळ्यात दोन-तीन खंड बाहेर काढून पेटी सैल ठेवा. दमट हवेत कागद फुगला की खंड ओढून काढताना आधी कणाच फाटतो.