ईव्ह ऑनलाइन: नव्यांसाठी वेगळी ट्रेनिंग कॉर्प काढावी, की थेट मुख्य कॉर्पमध्ये घ्यावं?

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन खेळात कॉर्प, म्हणजे खेळाडूंची संघटना, चालवणाऱ्यांसमोर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. दहा-पंधरा ओळखीची माणसं असतात तोवर कुणाला काही ठरवावं लागत नाही. मग भरतीची जाहिरात लागते, आठवड्याला चार-पाच नव्यांचे अर्ज येऊ लागतात आणि डायरेक्टर (कॉर्पचे कारभारी) मंडळींत वाद सुरू होतो. यांच्यासाठी वेगळी ट्रेनिंग कॉर्प काढायची, की मुख्य कॉर्पमध्येच घ्यायचं? मी दोन्ही करून पाहिलं आहे. आधी सव्वा वर्ष ट्रेनिंग कॉर्प सांभाळली, नंतर सगळ्यांना एका छताखाली आणलं. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच. पण एके काळी ट्रेनिंग कॉर्पची बाजू मीच भांडून मांडली होती, त्यामुळे तिचे गुण मला चांगले ठाऊक आहेत.

एक तिसरा मार्गही आहे. 'आधी ईव्ह युनिव्हर्सिटीत शिकून या' असं सांगायचं. ती कॉर्प २००४ पासून हेच काम करते आहे आणि फार मनापासून करते. त्यांचा विकी मी आजही प्रत्येक नव्या माणसाला देतो. पण जो माणूस तिथे सहा महिने रमतो त्याचे मित्रही तिथेच होतात. तो तुमच्याकडे परत येईल असं धरून चालू नये. त्यामुळे खरी निवड पहिल्या दोन मार्गांमधलीच राहते.

ट्रेनिंग कॉर्पच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा युद्धाचा. डिसेंबर २०१८ मध्ये नियम बदलला. तेव्हापासून ज्या कॉर्पकडे किंवा अलायन्सकडे (अनेक कॉर्पच्या गटाकडे) स्वतःचं स्ट्रक्चर, म्हणजे अंतराळात उभारलेलं ठाणं, आहे तिच्यावरच युद्ध पुकारता येतं. आमच्याकडे हाय-सेकमध्ये, म्हणजे पहारा असलेल्या भागात, एक राइतारू (कारखान्याचं स्ट्रक्चर) होती, त्यामुळे आम्ही कायम युद्धपात्र. युद्ध लागलं की व्यापारी वाटांवर शत्रू दबा धरून बसतो, त्याने गोळी घातली तरी कॉनकॉर्ड हे खेळातलं पोलिसदल मध्ये पडत नाही. जुन्या माणसाला हे सवयीचं असतं. तो कॉर्पबाहेरच्या आपल्या दुसऱ्या पात्राने माल हलवतो. नवा माणूस मात्र आपलं एकमेव मालवाहू जहाज घेऊन जिता या मोठ्या बाजारपेठेला निघतो आणि वाटेत सगळं घालवून बसतो. नव्यांना स्ट्रक्चर नसलेल्या वेगळ्या कॉर्पमध्ये ठेवलं, तर हा त्रास त्यांच्यापर्यंत पोचत नाही. या मुद्द्यावर मी तेव्हा मत दिलं आणि तेव्हाच्या माहितीवर ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं.

दुसरा मुद्दा चोरी आणि हेरगिरीचा. ट्रेनिंग कॉर्पच्या बाजूने हाच मुद्दा सगळ्यात जास्त ऐकू येतो, पण मला तो तितका पटत नाही. ईव्हच्या इतिहासातल्या गाजलेल्या दोन घटना आठवून पाहा. २००५ मध्ये गायडिंग हँड सोशल क्लबने उबिक्वा सेराफ या कॉर्पला लुटलं, ते जवळपास वर्षभर आत राहून आणि विश्वासाच्या जागा मिळवून. फेब्रुवारी २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्स ही अलायन्स मोडली, ती तिच्याच एका डायरेक्टरच्या हातून. दोन्हीकडे घात वरच्या माणसाने केला. ज्याच्याकडे वर्षभर धीर धरायची तयारी आहे तो ट्रेनिंग कॉर्पची पायरीही शांतपणे चढतो. पायरी चढून आलेला माणूस आपल्याला जास्त भरवशाचा वाटतो, हा वेगळाच धोका.

साध्या भुरट्या चोरीसाठी तर कॉर्पच्या हँगरचे (सामाईक कोठाराचे) सात विभाग आणि सोळापर्यंत टायटल (परवानग्या ठरवणारे हुद्दे) पुरेशी आहेत. आम्ही नव्यांसाठी एकच टायटल ठेवलं आहे. त्यातून फक्त सातव्या विभागातून वस्तू उचलता येतात. तिथे तयार जोडलेल्या स्वस्त फ्रिगेट (छोटी जहाजं) आणि थोडा दारूगोळा असतो, बाकी काही नाही. एकदा एकाने तो विभाग रात्रीत साफ केला आणि पसार झाला. पुढच्या रविवारी दोघांनी बसून तो पुन्हा भरला. आपल्याच माणसाने पाठीत गोळी घालायची भीती असेल, तर हाय-सेकमध्ये राहणाऱ्यांनी कॉर्पमधला फ्रेंडली फायर बेकायदा करून ठेवावा. मग कॉनकॉर्ड बघून घेतं.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला, त्याबद्दल सविस्तर सांगतो. ती गोष्ट म्हणजे ट्रेनिंग कॉर्पच्या चॅटमधली शांतता.

प्रत्येक कॉर्पचं चॅट चॅनेल स्वतंत्र असतं. जाणती माणसं मुख्य कॉर्पमध्ये असतात, त्यामुळे गप्पाही तिथेच रंगतात. ट्रेनिंग कॉर्पच्या चॅनेलमध्ये उरतात फक्त नवे. भारतातून खेळणाऱ्यांसाठी हे आणखी अवघड. संध्याकाळी कामावरून येऊन, जेवून माणूस आठ-नऊला बसतो, तेव्हा युरोपात अजून दुपार असते आणि तिकडची मंडळी यायला दीड-दोन तास असतात. त्या वेळेत कोण कुठल्या चॅनेलमध्ये आहे, यावर नव्या माणसाची सगळी संध्याकाळ ठरते.

आमच्या ट्रेनिंग कॉर्पमध्ये नागपूरचा एक मुलगा आला होता. चार दिवसांचं पात्र. एका रात्री नऊच्या सुमारास त्याने कॉर्प चॅटमध्ये लिहिलं की माझं व्हेंचर (नव्यांचं खाणकामाचं जहाज) गेलं, आता काय करू? वीस मिनिटांनी लिहिलं, कुणी आहे का? आणखी थोड्या वेळाने, बरं, ठीक आहे. तिथे दुसरी एक नवी मुलगी हजर होती. तिलाही उत्तर माहीत नव्हतं. तिने तो संवाद जसाच्या तसा मला दुसऱ्या दिवशी पाठवला. मी माझी वेळ ताडून पाहिली. त्या वीस मिनिटांत आम्ही सात जण मुख्य कॉर्पच्या चॅनेलमध्ये फ्लीट (जहाजांचा ताफा) जमायची वाट बघत गप्पा मारत होतो. त्याच सिस्टममध्ये (सूर्यमालेत), त्याच स्टेशनात डॉक करून. माझ्याच हँगरमध्ये दोन व्हेंचर पडून होती. लोकलमध्ये (त्या सिस्टममधल्या सगळ्यांच्या चॅटमध्ये) काही विचारू नका, शत्रू वाचतात, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं आणि त्याने ते पाळलं. तो मुलगा पुन्हा लॉगिन झाला नाही.

व्हेंचर गेल्याने कुणी ईव्ह सोडत नाही. ते फार स्वस्त जहाज आहे. आपण लिहिलं आणि पलीकडे कुणीच नाही, हे एकदा जाणवलं की माणूस सोडतो. त्यानंतर मी मुद्दाम लक्ष ठेवू लागलो. आमच्याकडे जे टिकले, त्यांना पहिल्या आठवड्यात कुणीतरी नावाने ओळखू लागलेलं होतं. ही माझी मोजदाद नाही, बघण्यातून झालेलं मत आहे. दुसऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो.

यावर उपाय आम्ही केले नाहीत असं नाही. पहिला उपाय म्हणजे प्रत्येक जाणत्याने आपलं एक पात्र ट्रेनिंग कॉर्पमध्ये ठेवायचं. पण एका अकाउंटवरची तीन पात्रं एकाच वेळी चालवता येत नाहीत आणि फुकटचं अल्फा अकाउंट दुसऱ्या कुठल्याही अकाउंटबरोबर एकाच वेळी लॉगिन होत नाही. म्हणजे नव्यांच्या चॅनेलमध्ये नुसतं बसून राहण्यासाठी प्रत्येकाने दुसऱ्या ओमेगा (सशुल्क) अकाउंटचे पैसे भरायचे. दोघांनी काही महिने ते केलं, त्यांचं मला कौतुक आहे. सगळ्यांकडून ती अपेक्षा धरणं मला योग्य वाटलं नाही.

दुसरा उपाय म्हणजे सामाईक चॅनेल. ते आम्ही उघडलं. नव्याच्या पडद्यावर आधीच इतक्या खिडक्या असतात की एखादी बंद झाली तर त्याला कळतही नाही. अडचण आली की तो 'कॉर्प' लिहिलेल्या टॅबमध्येच लिहितो, कारण त्याच्या मनात हीच आपली माणसं असतात. डिस्कॉर्डचंही तेच. आठवड्याभराने तो तिथे रुळतो, पण प्रश्न पहिल्या तीन रात्रींचा असतो.

तिसरा उपाय कागदावर सगळ्यात चांगला दिसतो. ट्रेनिंग कॉर्पला अलायन्समध्ये घ्यायचं, म्हणजे अलायन्सचं चॅनेल आपोआप सामाईक होतं. पण अलायन्समध्ये घेतलं की अलायन्सवर लागलेलं युद्ध त्यांच्यावरही लागतं. ज्या कारणासाठी नव्यांना वेगळं काढलं तेच संपतं. बाहेर ठेवलं तर सुरक्षित पण एकटे, आत घेतलं तर सोबत आहे पण युद्धही आहे. या कोड्याशी आम्ही दोन महिने झगडलो.

मग आमच्यातल्या एकीने साधा प्रश्न विचारला. युद्ध स्ट्रक्चरमुळे लागतं ना, मग माणसं कशाला वेगळी करायची? स्ट्रक्चर वेगळं करू या. असं करणाऱ्या कॉर्प पुष्कळ आहेत. स्ट्रक्चर एका छोट्या होल्डिंग कॉर्पच्या नावावर ठेवायचं, ती कॉर्प अलायन्सच्या बाहेर ठेवायची आणि अ‍ॅक्सेस लिस्टमधून आपल्या लोकांना डॉक करायची, कारखाना वापरायची मुभा द्यायची. कुणी त्या होल्डिंग कॉर्पवर युद्ध पुकारलंच, तर मित्रपक्ष म्हणून त्यात उतरायचं की नाही हे आपण त्या वेळी ठरवू शकतो. त्या दिवशी ट्रेनिंग कॉर्पच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा माझ्यासाठी हलका झाला.

एकत्र आल्यावर दुसराही एक छळ संपला. ज्याच्याकडे कॉर्पमधला कुठलाही रोल (अधिकार) आहे त्याला कॉर्प सोडण्याआधी रोल सोडून चोवीस तास थांबावं लागतं. ट्रेनिंग कॉर्पमध्ये फ्रिगेट उचलता याव्यात म्हणून आम्ही सगळ्यांनाच हँगरची परवानगी देत होतो, आणि ती परवानगी म्हणजे रोलच. त्यामुळे 'तू तयार आहेस, ये मुख्य कॉर्पमध्ये' असं सांगितल्यावर त्या आनंदाच्या दिवशी त्याला सगळं परत करून एक दिवस ताटकळायला लागायचं. काही जण शनिवारी रोल सोडायचे आणि पुढच्या शनिवारपर्यंत फिरकायचेच नाहीत. आता बढती म्हणजे फक्त टायटल बदलणं. दोन क्लिकचं काम.

आणि जून २०२३ च्या व्हिरिडियन या अपडेटपासून कॉर्प प्रोजेक्ट आले, त्याचाही पूर्ण फायदा एकाच कॉर्पमध्ये राहूनच मिळतो. अमुक खनिज पोचवा, तमुक ठिकाणच्या चाच्यांना मारा, अशी कामं आम्ही लावून ठेवतो. मोबदला कॉर्पच्या खात्यातून जातो. नव्याने खिडकी उघडली की आज काय करू याचं उत्तर समोर असतं, आणि त्याने खणलेल्या खनिजातून जे जहाज बांधलं जातं ते तो फ्लीटमध्ये बघतो. ट्रेनिंग कॉर्पमध्ये हे प्रोजेक्ट पुन्हा वेगळे लावावे लागले असते आणि तिथलं खनिज तिथेच पडून राहिलं असतं.

थेट प्रवेशाची किंमतही आहे. मुख्य चॅनेलमध्ये तेच तेच प्रश्न येतात. स्क्रॅम्बलर आणि डिसरप्टर (शत्रूचं जहाज पळू न देणारी दोन यंत्रं) यांतला फरक मी किती वेळा लिहिला त्याला गणती नाही. आमच्यातले दोन जुने सभासद यालाच कंटाळून वेगळ्या चॅनेलमध्ये जाऊन बसले, आणि त्यांची अडचण मी समजू शकतो. मोहिमांची बोलणी कॉर्प चॅटमध्ये करणं आम्हाला पूर्ण थांबवावं लागलं, कारण तिथे आता कोण वाचतंय याची खात्री देता येत नाही. शिवाय जे येतात त्यातले बरेच जण महिन्याभरात दिसेनासे होतात आणि सभासदांची यादी उगाच लांबते. ती दर महिन्याला झाडावी लागते.

वर्महोलमध्ये (बदलत्या वाटांनी पोचायच्या भागात) राहत असाल तर माझं सगळं म्हणणं जरा सैल धरा. तिथे लोकलमध्ये कोण आलं ते दिसत नाही, आपली सिस्टम कुठली हेच मोठं गुपित असतं आणि एक चुकीचा माणूस आत आला तर घरच जाऊ शकतं. तिथे बाहेर, हाय-सेकमध्ये एक ओसरी ठेवावी आणि माणूस पारखून आत घ्यावा, हे मला पटतं. फक्त त्या ओसरीवर रोज संध्याकाळी कोण बसणार हे आधी ठरवा, नावानिशी. तसं कुणी नसेल तर ओसरी उघडू नका. शून्य-सेकमधल्या (पोलिसदल नसलेल्या भागातल्या) मोठ्या अलायन्सच्या नव्यांसाठीच्या कॉर्पही चांगल्या चालतात. पण तिथे शेकडो माणसं चोवीस तास त्याच चॅनेलमध्ये असतात. तीस-चाळीस जणांच्या कॉर्पने त्यांच्याकडे बघून तसं करायला जाऊ नये, असं मला वाटतं.

तुमच्याकडे आधीच ट्रेनिंग कॉर्प असेल आणि ती मिटवायचं ठरलं, तर आमचा क्रम सांगतो. युद्ध चालू नसलेला आठवडा निवडा. गुरुवारी सगळ्यांचे रोल काढा आणि हँगरमधून जे हवं ते आधीच उचलायला सांगा. त्याच दिवशी सगळ्यांना मुख्य कॉर्पला अर्ज करायला लावा, म्हणजे शनिवारी थेट इकडे येता येईल आणि मध्ये एनपीसी कॉर्पमध्ये (खेळानेच चालवलेल्या कॉर्पमध्ये) पडावं लागणार नाही. रिकामी झालेली कॉर्प बंद करू नका. ती अलायन्सबाहेर असेल तर स्ट्रक्चर तिच्याच नावावर करून टाका. आमची राइतारू आज त्या जुन्या ट्रेनिंग कॉर्पच्या नावावर आहे. तिच्यात दोनच सभासद उरले आहेत, एक माझं पात्र आणि एक त्या मुलीचं, जिने मला तो संवाद पाठवला होता. ती आता आमच्याकडे डायरेक्टर आहे.