बरणीतल्या अळ्या की उघड्यावरचं कलेवर? ठाण्यात फॉरेन्सिक कीटकशास्त्राचा प्रोजेक्ट निवडताना

एम.एस्सी. झूलॉजी किंवा फॉरेन्सिक सायन्सची मुलं दरवर्षी हा प्रश्न घेऊन येतात. मृतदेहावरच्या कीटकांवर काम करायचं ठरलेलं असतं, पण कसं, ते ठरत नाही. वाटा मुख्यतः दोन. पहिली म्हणजे माशीच्या अळ्या ठरावीक तापमानाला वाढवून त्यांच्या वाढीचा तक्ता बनवायचा. दुसरी म्हणजे एखाद्या मेलेल्या जनावराचं कलेवर उघड्यावर ठेवून त्यावर कोण, कधी, कोणामागून येतं याची रोज हजेरी घ्यायची. माझं मत आधीच सांगते: कॉलेज शहरात, हाताशी एकच वर्ष आणि स्वतःची मोकळी जागा नाही, असं असेल तर अळ्या वाढवा.

दोन्ही वाटांनी शोधायचं ते एकच: कीटक देहावर येऊन किती काळ लोटला. मृत्यू नेमका कधी झाला हे कीटक सांगत नाहीत. घोडबंदर रोडवरच्या बंद फ्लॅटमध्ये खिडक्यांना जाळ्या असतील आणि माशीला आत शिरायला दोन दिवस लागले, तर ते दोन दिवस हिशेबात येतच नाहीत. पावसाची झड लागली की माश्या फिरकत नाहीत, रात्री त्या सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून अहवालात ‘कमीत कमी इतका काळ’ असं लिहितात. प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर तुम्हीही तसंच लिहा.

अळ्या वाढवायला सामान फार लागत नाही. खाटकाकडची कलेजी, रुंद तोंडाच्या बरण्या, वर बांधायला मलमल, कोषात जाण्यासाठी तळाला कोरडा लाकडाचा भुसा, तापमान नोंदवणारा छोटा लॉगर आणि बऱ्यापैकी मायक्रोस्कोप. कलेजी गच्चीवर उघडी ठेवली की आपल्याकडे बहुधा क्रायसोमिया मेगासेफाला ही माशी येते, निळसर-हिरवी, चकचकीत, लाल डोळ्यांची. नर ओळखायला सोपा: त्याच्या डोळ्यांच्या वरच्या भागातले कण मोठे, खालचे बारीक आणि मधली सीमा स्पष्ट दिसते. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यात वाढलेल्यांना ही माशी नवी नाही. ऊन कमी पडलं की वाळत घातलेल्या मासळीवर अंडी घालते ती हीच.

अंडी आपल्या उकाड्यात दिवसभरात फुटतात. पुढचं वय वाचायचं ते अळीच्या मागच्या टोकावरून. तिथे दोन श्वसनरंध्रं असतात. पहिल्या अवस्थेत प्रत्येक रंध्रात एकच फट, दुसरीत दोन, तिसरीत तीन. चाळीसपट मोठं करून त्या तीन फटी पहिल्यांदा स्पष्ट दिसल्या की मुलं मायक्रोस्कोप सोडत नाहीत, आणि मला त्यांना हटकावंसंही वाटत नाही. तिसऱ्या अवस्थेत अजून एक खूण मिळते. अळी खात असते तोवर तिच्या अंगातली अन्नाची पिशवी बाहेरून गडद दिसते. खाणं थांबलं की ती आक्रसत जाते, अळी फिक्कट होते आणि कोरडी जागा शोधत सरपटू लागते. कोष आधी पांढुरका असतो, मग काही तासांत तांबूस-तपकिरी होतो.

खरं काम तापमानाचं आहे. अळीची वाढ उष्णतेवर चालते आणि हिशेब अंश-तासांत करतात, म्हणजे वाढ थांबते त्या तापमानाच्या वरचे अंश गुणिले तास. उदाहरणापुरतं धरू की १० अंशांखाली वाढ थांबते आणि एका टप्प्यापर्यंत पोचायला १४४० अंश-तास लागतात. ३० अंशांना दर तासाला २० जमा होतात, म्हणजे दिवसाला ४८०. अळी ३ दिवसांत तिथे पोचते. २५ अंशांना दिवसाला ३६० जमा होतात, म्हणजे ४ दिवस लागतात. पाच अंशांच्या फरकाने पूर्ण एक दिवस हलला. आता वागळे इस्टेटमधली पत्र्याची शेड आणि येऊरची दाट सावली डोळ्यांसमोर आणा. हवामान खात्याच्या लांबच्या केंद्रावरचा आकडा दोन्ही ठिकाणी जसाच्या तसा लावला, तर निदान एक उत्तर चुकणारच. भरीला भर म्हणजे अळ्यांचा मोठा घोळका स्वतःची उष्णता तयार करतो आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी किंवा त्याहूनही जास्त चढू शकतं. म्हणून एका बरणीत थोड्याच अळ्या ठेवा आणि लॉगरचं टोक त्यांच्या अगदी जवळ असू द्या.

मोजायच्या अळ्या थेट स्पिरिटमध्ये टाकू नका. त्या आक्रसतात, काळ्या पडतात, लांबी कमी भरते आणि वय कमी निघतं. आधी ८० अंशांच्या वरच्या गरम पाण्यात अर्धा मिनिट, मग ८० टक्के अल्कोहोल. आणि काही अळ्या माशी बाहेर पडेपर्यंत जिवंत वाढवायच्याच, कारण नुसत्या अळीवरून माशीची जात ओळखताना फसगत होते.

या वाटेचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे तोच प्रयोग पुन्हा करता येतो. बरण्या वाढवा, तापमानं बदला, सरासरी आणि फरक दोन्ही मांडा. बक रक्स्टन या मुंबईत जन्मलेल्या पारशी डॉक्टरच्या १९३५ सालच्या खून प्रकरणात स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या अवशेषांवरच्या अळ्यांचं वय अलेक्झांडर मर्न्स यांनी १२ ते १४ दिवस काढलं होतं. त्या उत्तरामागेही वाढीचाच हिशेब होता.

आता उघड्यावरच्या कलेवराविषयी. कीटकशास्त्र म्हणून ही वाट अधिक श्रीमंत आहे, यात मला शंका नाही. इथे बरणीत न दिसणाऱ्या गोष्टी घडतात. क्रायसोमिया रुफिफेसीस नावाची दुसरी माशी मागून येते, अंगावर मांसल काटे असलेल्या तिच्या अळ्या पहिलीच्या अळ्या खाऊन टाकतात, आणि मग सर्वात आधी आलेल्या माशीचा पुरावाच नाहीसा होऊ शकतो. मुंग्या अंडी पळवतात आणि सुरुवात लांबते. काही माश्या अंड्यांऐवजी थेट जिवंत अळ्या सोडतात, त्यामुळे अंड्यांचा वेळ हिशेबातून वजा करावा लागतो. आणि माश्यांच्या पिढ्या उडून गेल्यावर, देह कोरडा झाल्यावर, बोलतात ते फक्त भुंगेरे: डर्मेस्टिस आणि तांबड्या पायांचा नेक्रोबिया. सुकटाच्या जुन्या डब्यात सापडणारे किडे अनेकदा हेच असतात. काही आठवडे जुन्या प्रकरणात अळ्यांचा तक्ता निरुपयोगी ठरतो, तिथे या हजेरीपटाशिवाय गत्यंतर नाही.

हा हजेरीपट मात्र इथलाच हवा. फ्रान्सच्या मेन्याँ यांनी १८९४ मध्ये मृतदेहावर एकामागून एक येणाऱ्या कीटकांच्या आठ लाटा मांडल्या, त्या कोकणपट्टीच्या हवेत तशाच उतरत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात कातडी झपाट्याने वाळते. जुलैत तेच कलेवर ओलंचिंब राहतं आणि कोरडं आवडणाऱ्या भुंगेऱ्यांना वाव मिळत नाही. म्हणजे एका ऋतूचा हजेरीपट दुसऱ्या ऋतूत लावता येत नाही, आणि एका वर्षात तुम्हाला फार तर दोन ऋतू मिळतात.

अडचणी इथून सुरू होतात. जागा कुठली? येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, खाडीकाठची कांदळवनं संरक्षित आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे काही ठेवायचा विचारही करू नका. परवानगी मिळालीच तरी येऊरला बिबट्या, कांदळवनात कोल्हे, सगळीकडे भटकी कुत्री आणि कावळे आहेत. जाळीचा मजबूत पिंजरा नसेल तर दुसऱ्या दिवशी प्रयोग संपलेला असतो. कॉलेजच्या गच्चीवर ठेवलं तर शेजारच्या सोसायटीतून तक्रार येणार, आणि ती रास्तच असेल. प्रयोगासाठी जनावर मारायचं नाही, हेही आधीच ठरवून कॉलेजच्या समितीकडून लेखी घ्या. शिवाय रोज जावं लागतं, परीक्षेच्या दिवशीसुद्धा. एवढं करून हाती येतं एक कलेवर, आणि एका कलेवरावरून सर्वसाधारण विधान करता येत नाही.

पुढे काय करायचंय, त्यावरही निवड ठरते. कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी काम करायचं असेल तर अळ्यांचं काम जास्त उपयोगी पडेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणं अपेक्षित आहे. म्हणजे अळ्या कशा उचलायच्या, कशा मारायच्या, तापमान कुठे मोजायचं हे हाताला येणं महत्त्वाचं. उलटतपासणीत वकील नेमकं तेच विचारतो. संशोधनात किंवा परिसंस्थेच्या अभ्यासात रमायचं असेल तर कलेवराचा अनुभव अमोल आहे.

मृतदेहातलं विष अळ्यांमध्ये शोधणं किंवा डीएनएवरून माशीची जात ठरवणं हे पर्यायही मुलं विचारतात. कॉलेजात ती यंत्रं आणि ती वापरणारा माणूस असेल तरच त्यात पडा.

शहापूर-मुरबाडकडे घरची जमीन आहे, कुंपण आहे, तिथे रोज जाणारं भरवशाचं माणूस आहे आणि दोन वर्षं देता येतील, असं असेल तर माझा सल्ला बदलतो. मग कलेवराचीच वाट घ्या. दिवाळीनंतर सुरुवात करा, निदान तीन पिंजरे एकमेकांपासून पन्नासेक मीटरवर ठेवा, विहीर आणि वस्तीपासून दूर, आणि प्रत्येकाजवळ वेगळा लॉगर लावा.