खाली गादी की पलंगाला पायरी?

दीड-दोन वर्षांचं पोर म्हणजे सहज दहा-बारा किलो. पोटात दुसरं बाळ असताना डॉक्टरांनी त्याला उचलू नका म्हटलं की खरी पंचाईत झोपवताना होते.

खाली गादी घातली तर पोर आपलं आपण येतं, लोळतं, उतरतं. पडायची भीती नाही. पण सातव्या महिन्यानंतर जमिनीवरून उठायचं कुणी? सांधे आधीच सैल झालेले असतात. कुशीवर वळायचं, हाताने रेटून बसायचं, मग एक गुडघा टेकवून खुर्चीला धरून उभं राहायचं. रात्री तीनदा लघवीला उठणारीला हे नकोसं होतं.

पलंगाला रुंद, न घसरणारी पायरी लावली तर आईचं उठणं सोपं. प्लास्टिकचं हलकं स्टूल मात्र नकोच, फरशीवर सटकतं. पोराला पालथं होऊन आधी पाय खाली सोडायला शिकवावं लागतं; मुलं पटकन शिकतात, फक्त झोपेत ते कामाचं नाही. म्हणून पलंग भिंतीला चिकटवून पोर भिंतीकडे, पण मध्ये फट राहू द्यायची नाही.

माझं मत? पोट लहान आहे तोवर गादी, नंतर पलंग. आणि कडेवर घ्यायचा हट्ट धरलाच, तर पलंगावर बसायचं. पोर चढून येतं कुशीत.