पोरांची मोहीम की पगारी माणसं?

१८७०च्या दशकात येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयासाठी पश्चिम अमेरिकेतून प्राचीन प्राण्यांची जीवाश्म हाडं आणायला तिथल्या प्रा. मार्शपुढे दोन वाटा होत्या.

१८७०ची विद्यार्थी मोहीम स्वस्त पडली. पोरांनी आपापला खर्च उचलला, संरक्षणाला लष्कर. पण मोसम सरला की सगळे घरी.

वायोमिंगच्या कोमो ब्लफवर १८७७पासून रीड आणि कार्लिन हे रेल्वेवाले पगारावर खोदू लागले, तेही हिवाळ्यात. ब्रॉन्टोसॉरस हा महाकाय डायनासोर रीडनेच काढला. भरवशाचं मात्र विचारू नका: मार्शला पहिलं पत्र खोट्या नावांनी, त्यामुळे त्याच नावांवर काढलेला त्याचा चेक वटेना! पुढे कार्लिन थेट मार्शचा प्रतिस्पर्धी संशोधक कोप याच्याकडे गेला.

नवा मुलूख धुंडाळायचा तर विद्यार्थी बरे. जागा सापडली असेल तर पगारी माणसंच, पण देखरेखीला आपला माणूस ठेवून.