सोनीच्या १४ आणि २० एमएममध्ये कोणती लेन्स घ्यावी?

दोन्ही फुल-फ्रेमच्या (म्हणजे मोठ्या, ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी), दोन्हींचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/१.८. २० एमएम जी २०२० मध्ये आली, १४ एमएम जीएम २०२१ मध्ये (जी आणि जीएम ही सोनीच्या लेन्स-मालिकांची नावं). फरक फक्त सहा मिलिमीटरचा दिसतो, पण दृश्यकोन ९४ अंशांवरून थेट ११४ वर जातो.

आकाशगंगा टिपायची असेल तर १४ला तोड नाही. आकाश तर जास्त मावतंच, शिवाय ५००च्या ढोबळ नियमाने (५०० भागिले लेन्सचे एमएम) शटर ३५ सेकंद उघडं ठेवता येतं, २०वर २५. मेगापिक्सेल जास्त असतील तर दोन्ही आकडे बरेच खाली आणा, नाहीतर ताऱ्यांच्या रेघा दिसतात.

१४ची पुढची काच मात्र फुगीर आहे. समोर फिल्टर बसतच नाही. जिलेटिनच्या पातळ फिल्टरचा तुकडा कापून मागच्या खाचेत सरकवावा लागतो. भर उन्हात व्हिडिओ काढताना शटर १/५० वर ठेवायचं तर एनडी (प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर) हवाच, आणि ऊन-सावली बदलली की दरवेळी लेन्स काढत बसायचं? २०ला साधा ६७ एमएमचा व्हेरिएबल एनडी लावा, फिरवा, झालं.

माणसांच्या बाबतीतही तेच. १४मध्ये कडेला उभा असलेला पाहुणा उगाच रुंद होतो. लग्नाच्या ग्रुप फोटोत हे कोण खपवून घेईल?

वजन ४६० विरुद्ध ३७३ ग्रॅम, हा मुद्दा गौण. किमतीतली तफावत मात्र मोठी आहे. व्हिडिओचं काम जास्त असेल तर डोळे झाकून २० घ्या. १४ फक्त रात्रीच्या आकाशाचं वेड असणाऱ्यांनी.