अडीअडचणीचा पैसा ‘पडून आहे’ असं कुणी म्हणालं तर

आई न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. या वयात शस्त्रक्रिया शक्यतो २४ ते ४८ तासांत झालेली बरी, असं डॉक्टर म्हणाले. मी घाबरले होते, पण पैशांसाठी नाही. सहा महिन्यांचा घरखर्च मी बाजूला ठेवलेला होता आणि मोबाइलमधल्या ॲपवर तो व्याजासकट दिसत होता. रात्री साडेदहाला दवाखान्याच्या बाकावर बसून मी ‘रक्कम काढा’ हे बटण दाबलं. उत्तर आलं, ‘विनंती मिळाली. पडताळणीला ७ कामकाजाचे दिवस लागतील.’

हे पैसे मी चार वर्षांत जमवले होते. एकदा नोकरी गेली होती, तेव्हा दोन महिने उसनवारीवर काढले. पुन्हा कुणापुढे हात पसरायचा नाही असं तेव्हाच ठरवलं. घरभाडं, किराणा, वीज, औषधं, शाळेची फी अशी यादी करून महिन्याचा नेमका खर्च काढला आणि त्याला सहाने गुणलं. पगार झाला की त्याच दिवशी ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जायची. त्या खात्याचं कार्डसुद्धा मी घेतलं नव्हतं. पैसे पुरे जमले त्या रात्री मला खूप दिवसांनी शांत झोप लागली.

मग एक जुना सहकारी भेटला. माणूस सज्जन, आजही मी त्याला दोष देत नाही, कारण त्याचे माझ्याहून जास्त पैसे बुडाले. बोलता बोलता मी या साठ्याचा विषय काढला. तो म्हणाला, ‘अगं, एवढे पैसे बचत खात्यात नुसते पडून आहेत? महागाई खाऊन टाकते ते. मी एका ठिकाणी ठेवलेत, महिन्याला ४ टक्के मिळतात आणि हवे तेव्हा काढता येतात.’ महागाईचं त्याचं म्हणणं खरं होतं. म्हणूनच ते मनात रुतलं. अर्धं खरं असलेल्या बोलण्यावर माणूस फार लवकर विश्वास ठेवतो.

तरीही मी एकदम उडी घेतली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ‘हावरट लोकच फसतात’ असं सगळ्यांना वाटतं. मी आधी थोडीशी रक्कम टाकली. महिनाभराने व्याजासकट परत मागितली, ती दोन तासांत खात्यात आली. दुसऱ्यांदा थोडी जास्त टाकून काढून पाहिली, तीही आली. ‘तुमच्या रिलेशनशिप मॅनेजर’ म्हणवणाऱ्या बाई फोनवर फार आदबीने बोलायच्या, आईच्या तब्येतीची चौकशी करायच्या. तिसऱ्या खेपेला मी सगळा साठा तिकडे वळवला.

माझी चूक त्या पडताळणीतच होती. छोटी रक्कम परत मिळाली म्हणजे मोठीही मिळेल, हे मी गृहीत धरलं. त्यांच्या दृष्टीने ती छोटी रक्कम म्हणजे मला आत ओढण्याचा खर्च होता. नंतर कागद-पेन घेऊन बसले तेव्हा आणखी एक हिशेब उलगडला. महिन्याला ४ टक्के याप्रमाणे माझ्याच १०० मधून मला ४-४ परत देत राहिलं, तर पैसे २५ महिने पुरतात. धंदा काहीही न करता दोन वर्षं व्याज वेळेवर देता येतं. त्यात नवे लोक येत राहिले तर त्याहूनही जास्त. म्हणजे ‘मला दर महिन्याला मिळतंय’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय महिन्याला ४ टक्के चक्रवाढीने वर्षाला ६० टक्के होतात. एवढा परतावा खात्रीने देणारा धंदा ज्याच्या हाती आहे, तो माझ्या तुटपुंज्या बचतीसाठी रोज फोन कशाला करेल?

ही युक्ती जुनी आहे. १८७९ मध्ये बोस्टनमध्ये सारा हाऊ नावाच्या बाईने फक्त एकट्या राहणाऱ्या स्त्रियांसाठी ठेवींची पेढी काढली आणि महिन्याला ८ टक्के व्याज कबूल केलं. शिक्षिका, घरकाम करणाऱ्या बायका अशांनी आपली साठवलेली पुंजी तिच्याकडे आणून ठेवली. वर्षभरात वृत्तपत्रांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, पेढी कोसळली आणि तिला ३ वर्षांचा तुरुंगवास झाला. ज्याच्या नावाने आज अशा फसवणुकीला ‘पॉन्झी योजना’ म्हणतात, त्या चार्ल्स पॉन्झीने त्याच शहरात ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं आमिष दाखवलं ते १९२० साली, म्हणजे नंतर. त्या बायकांबद्दल वाचताना मला भरून आलं. त्यांचाही तो अडीअडचणीचाच पैसा असणार.

तर, आईची शस्त्रक्रिया. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या रिलेशनशिप मॅनेजर बाईंना फोनवर अक्षरशः विनवलं. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, तुमची केस मी तातडीची करून घेते, फक्त नफ्यावरचा कर आधी भरावा लागेल.’ तो माझ्या रकमेतूनच कापून घ्या म्हटलं, तर ‘सिस्टिम तसं करू देत नाही.’ मी बहिणीकडून घेऊन तो ‘कर’ भरला. संध्याकाळी ‘खातं गोठवलंय, सुरक्षा ठेव भरा’ असा निरोप आला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. स्वतःचेच पैसे काढायला आधी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. एक पैसाही पुढे देऊ नका. शेवटी शस्त्रक्रिया झाली ती बहिणीने आणि मेहुण्यांनी त्यांची मुदत ठेव मोडली म्हणून.

मागे वळून पाहताना खुणा दिसतात. दर वेळी पैसे पाठवायचं खातं वेगळं असायचं आणि ते कंपनीच्या नव्हे, कुठल्यातरी व्यक्तीच्या नावावर असायचं. ॲप अधिकृत दुकानातून नाही, पाठवलेल्या दुव्यावरून उतरवलं होतं. परवान्याचा फोटो त्यांनीच पाठवला होता. नियामकाच्या, म्हणजे अशा कंपन्यांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावरच्या यादीत ते नाव शोधायचं मला सुचलंच नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

तक्रारीतही मी उशीर केला, लाजेपोटी. तीन दिवस घरात कुणाला सांगितलं नाही. असं झालंच तर पहिल्या तासाभरात बँकेला फोन करा आणि पोलिसांकडे जा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधीच अडवले गेले तर काही हाती लागतं. ॲप काढून टाकायच्या आधी संभाषणं आणि व्यवहारांचे क्रमांक जपून ठेवा. पुढे महिनाभराने एकाचा फोन येईल, ‘तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, थोडं शुल्क लागेल.’ मला आला होता. त्याला माझं नाव, बुडालेली रक्कम, तारीख, सगळं पाठ होतं. ही माहिती चोरांखेरीज कुणाकडे होती?

मी पुन्हा साठवायला लागले आहे. एक महिन्याचा खर्च साध्या बचत खात्यात, बाकीचा मधेच मोडता येणाऱ्या लहान लहान मुदत ठेवींमध्ये. व्याज कमी आहे आणि महागाई त्यातलं थोडं खाणार, हे मला मान्य आहे. गेल्या महिन्यात त्यातली एक ठेव मुद्दाम मोडून पाहिली. थोडं व्याज कापलं गेलं, पण पूर्ण मुद्दल त्याच दुपारी खात्यात आलं. आई आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालते.